नकाशावरची रिकामी जागा

झाडांवर लाल आकडे पडल्याचं मला बाबांकडून कळलं. सकाळच्या फेरीवरून ते परत आले, चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि म्हणाले, "तुझ्या ऑफिसची माणसं जुन्या क्वार्टरांतल्या झाडांवर नंबर टाकून राहिली. काय करता त्या झाडांचं?"

मी डबा भरत होते. "नंबर? कशाला?"

"विचारलं मी एकाला. म्हणे, इथे सोलर येणार आहे. तुझंच ना ते?"

माझंच होतं. भोपाळच्या वीजयंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात मी सौर विभागात सीनियर मॅनेजर होते. कारखाना आणि टाउनशिप यांना लागणारी दिवसाची वीज जमेल तेवढी उन्हापासून करायची, असा आराखडा मी स्वतः केला होता. पण त्यात एकही झाड पडणार नव्हतं. शाळा, इस्पितळ, कम्युनिटी हॉल, कारखान्याच्या शेड, नुसती छपरंच छपरं होती त्यात. डबा तसाच ओट्यावर ठेवून मी बाबांबरोबर निघाले.

कारखाना भरात होता तेव्हा त्या जुन्या क्वार्टरांच्या जागी रांगांनी घरं होती. देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसं नोकरीला आली होती आणि ज्याने त्याने आपल्या परसात आपल्या गावाकडचं काहीतरी लावलं होतं. आम्ही नागपूरचे. आमच्या परसात शेवगा, कढीपत्ता आणि आईने कोय पुरून वाढवलेला एक आंबा. शेजारी केरळचं कुटुंब होतं, त्यांचा फणस. मागच्या रांगेत एक बंगाली काकू राहायच्या, त्यांच्याकडे लिंबाचं एक झाड होतं. त्याचं पान चुरगाळलं तरी हाताला दिवसभर वास राहायचा. पुढे माणसं रिटायर झाली, नवी भरती जवळजवळ थांबली, घरं रिकामी पडली, गळायला लागली, तेव्हा कारखान्याने ती पाडून टाकली. भिंती गेल्या, झाडं राहिली. कोणी पाणी घातलं नाही तरी वाढली. लांबून ते रान वाटायचं, पण आत शिरलं की लक्षात यायचं, झाडं रांगेत आहेत. कोणाचं न्हाणीघर कुठे होतं हेसुद्धा मी सांगू शकले असते. मे महिन्यात मुख्य रस्ता सोडून आत वळलं की अंगाला गारवा लागायचा.

त्या दिवशी प्रत्येक खोडाला चुन्याचा पट्टा होता आणि त्यावर लाल आकडा. आईच्या आंब्यावरही होता.

बाबा माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काळजीपेक्षा "बघ, मी म्हणत होतो ना" हेच जास्त होतं.

त्याला कारण होतं. बाबा विशीत नागपूरहून इथे आले आणि टर्बाइनच्या शॉपमध्ये मोठ्या लेथवर टर्नर म्हणून लागले. कोळशाच्या वीजकेंद्रांची टर्बाइन तिथे बनायची. रोटर पूर्ण होऊन ट्रेलरवर चढला की शॉपमधली माणसं गेटपर्यंत त्याच्यामागे चालत जायची, लग्नातल्या वऱ्हाडासारखी. घरी आल्यावर बाबा आम्हाला सांगायचे, हा आता अमक्या राज्यात जाणार, तिथली गावं उजळणार. ते खोटं नव्हतं. मी त्याच अभिमानावर वाढले, इंजिनियर झाले आणि त्याच कारखान्यात जनरेटरच्या डिझाइनला लागले. माझ्या पहिल्या दिवशी बाबा पाळीच्या भोंग्याच्या बऱ्याच आधी गेटवर उभे होते, मला आत जाताना पाहायला.

मग कोळशाच्या ऑर्डरी आटायला लागल्या. सौर विभाग सुरू झाला आणि तिकडे कोण जाणार अशी विचारणा झाली, तेव्हा कोणी हात वर करेना. मी केला. घरी येऊन सांगितलं तर बाबा जेवता जेवता थांबले.

"म्हणजे उन्हावर देश चालवणार तुम्ही?"

"दिवसा तरी चालवू, बाबा."

"आणि दिवस बुडाला की?"

मी दुसरीकडूनच सुरुवात केली. म्हटलं, मागच्या उन्हाळ्यात तुम्ही अशोका गार्डनला मित्राकडे गेला होतात, परत येताना ऑटो शोधता शोधता रस्त्यात कोसळलात. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. मी लहान होते तेव्हा याच गावात आपण मे महिन्यात अंगणात खाटा टाकून झोपायचो. आता मध्यरात्रीसुद्धा भिंत गरम लागते. कूलर नुसता दमट वारा फेकतो. हे काय आपोआप झालं?

"म्हणजे माझ्या टर्बाइननं झालं," बाबा म्हणाले.

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हटलं तू."

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त भाजी आणि औषधांबद्दल बोलले. मी विभाग बदलला नाही. त्यांना दुखावून का होईना, पण मला जे दिसत होतं ते दिसत होतं.

लाल आकड्यांच्या दिवशी मी तडक आमच्या जीएमच्या केबिनमध्ये गेले. जीएम कानपूरकडचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी चहा सांगितला आणि टेबलावर नकाशा पसरला. माझाच नकाशा होता, पण छपरांवरच्या माझ्या खुणा गेल्या होत्या आणि जुन्या क्वार्टरांच्या जागी एक मोठा चौकोन काढला होता. त्यावर लिहिलं होतं, रिकामी जागा.

"सर, इथे झाडं आहेत."

"कागज पर नहीं हैं, मॅडम. कागज पर वहाँ क्वार्टर थे, और क्वार्टर गिर चुके हैं."

मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. छपरांचं काम म्हणजे दहा ठिकाणी दहा टेंडर. कुठे गळती, कुठे कमकुवत पत्रे, कुठे पाण्याच्या टाक्या. प्रत्येक इमारतीचा मालक विभाग वेगळा, प्रत्येकाची परवानगी वेगळी. मोकळ्या जमिनीवर एकच कंत्राट, एकच कुंपण, आणि मार्चच्या आत काम पूर्ण. वरून उद्दिष्ट आलं होतं आणि ते पुरं झालेलं दाखवायचं होतं. ते जे सांगत होते त्यातलं बरंचसं खरं होतं, हीच तर पंचाईत. छपरांची डोकेदुखी मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होती.

"आपसे बस एक टेक्निकल नोट चाहिए," ते म्हणाले. "की छतें इस लायक नहीं हैं."

"मी छतं अजून तपासलेली नाहीत, सर."

"जाँचने की क्या ज़रूरत? पुरानी हैं, सबको दिखता है."

"मग ज्यांना दिसतंय त्यांची सही घ्या. मी तपासल्याशिवाय करणार नाही."

त्यांनी कप बशीत ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांना नाही म्हटल्याचं त्यांना आठवत नसावं; मलाही आठवत नव्हतं. म्हणाले, ठीक आहे, महिना अखेरपर्यंत तपासा. माझ्या तोंडावर हसले आणि मी दाराबाहेर पडायच्या आत फोन उचलला.

मे महिना होता. मी छपरांवर चढायला लागले.

पन्नाशी उलटलेली बाई, सलवार-कमीजवर हेल्मेट, डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला, हातात टेप आणि हातोडी. पहाटे सुरुवात करायची आणि ऊन चढायच्या आत उतरायचं. बरोबर विभागातला एक ज्युनियर इंजिनियर यायचा, जो रोज मला सांगायचा, "मॅम, ड्रोन से हो जाएगा." पत्रा आतून कुजलाय की नाही हे ड्रोनला कळत नाही, असं मी रोज उत्तर द्यायचे. खाली उभे राहून लोक मजा बघायचे. कँटीनमध्ये माझं नाव "छतवाली मॅडम" पडलं. युनियनचे अध्यक्ष, ज्यांच्याशी माझी जुनी ओळख होती, शेडच्या सावलीत उभे राहून मला ओरडून म्हणाले, "मॅडम, ऊपर से हमारी रोटी दिखती है क्या? वही, जो आपका सोलर खाने वाला है."

मी वरूनच म्हटलं, "उतरते मग बोलू."

उतरल्यावर आम्ही बोललो. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. टर्बाइन शॉपमध्ये माणसं बसून होती. भोपाळबाहेर मंडीदीपला जे छोटे कारखाने आम्हाला सुटे भाग पुरवायचे, त्यांतल्या काहींनी एक पाळी बंद केली होती. सौर विभागात आम्ही पॅनेल बाहेरून आणून बसवत होतो. त्यात लेथवाल्याला काय काम? मी म्हटलं, हीच मागणी तुम्ही लावून धरा. पॅनेलखालचे सांगाडे इथे बनवा, इन्व्हर्टर इथे बनवा, माणसांना शिकवा. त्यासाठी भांडा, मी तुमच्या बाजूने बोलेन. ते म्हणाले, "शिकने की उमर है हमारी?" मी म्हटलं, "माझी आहे? मी पन्नाशीत शिकले." ते हसले, पण पटलं नव्हतं त्यांना.

तपासणीत निघालं ते असं. कारखान्याच्या जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे होते आणि ते खरंच भार घेण्यासारखे नव्हते. जीएम बरोबर होते. एका ठिकाणी माझ्या हातोडीच्या हलक्या ठोक्याने पत्र्याला भोक पडलं आणि खालच्या माणसाने वर पाहून शिवी दिली. पण शाळेचा स्लॅब धडधाकट होता. इस्पितळाचाही. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे गेटजवळचे सायकल स्टँड. पूर्वी तिथे हजारोंनी सायकली लागायच्या, आता मोटारसायकली आणि गाड्या उन्हात तापत पडायच्या. त्यांच्यावर पॅनेलचं छत घातलं असतं तर गाड्यांना सावलीही मिळाली असती. आणि फाउंड्रीच्या मागे जळक्या वाळूचं मैदान होतं. ओतकाम झाल्यावर टाकून दिलेली काळी वाळू वर्षानुवर्षं तिथे पसरली होती. गवताचं पातंही तिथे उगवत नसे. खरी रिकामी जागा ती होती.

मी नोट लिहिली. जे नाही ते नाही, जे आहे ते आहे. जुन्या क्वार्टरांच्या जमिनीवर जेवढी वीज होईल त्यापेक्षा माझ्या जागांवर कमी होईल, हेही लिहिलं. वेळ जास्त लागेल हेही लिहिलं. शेवटी एक ओळ टाकली की थंडावा देणारी झाडं तोडून त्या जागी हवा थंड ठेवण्यासाठी प्रकल्प उभारणं मला तांत्रिकदृष्ट्या समजत नाही.

ती ओळ काढा, असा निरोप आला. मी काढली नाही.

दरम्यान लाल आकड्यांची गोष्ट टाउनशिपभर झाली होती. कम्युनिटी हॉलमध्ये सभा भरली. आमच्या शेजारी ज्या टीचर राहायच्या, त्यांनी ती बोलावली होती. त्या लहानपणापासूनच्या शेजारीण, त्या केरळच्या कुटुंबातल्या. आमच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, हॉलमधल्या अर्ध्या लोकांना कधी ना कधी बाकावर उभं केलेल्या. त्यांच्या वडिलांच्या फणसावरही आकडा होता.

सभेत एकेकजण उठून बोलायला लागला आणि मला कळेना की माझ्या डोक्यात संताप का चढतोय. सगळे झाडांच्याच बाजूचे होते. पण प्रत्येकाचं बोलणं एकाच ठिकाणी येऊन थांबत होतं: सोलरच नको. सोलरने काय होतं, चार ढग आले की बंद. सोलर म्हणजे कंत्राटदारांचा धंदा. आपण इतकी वर्षं ज्या विजेवर जगलो तीच बरी. युनियनचे अध्यक्ष पुढच्या रांगेतून मान डोलवत होते. मग ते उठले आणि म्हणाले, ठराव करू, झाडंही वाचतील आणि ही काचेची थेरंही जातील.

मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. तिथूनच बोलायला लागले, माइकही घेतला नाही.

"झाडं तोडायला माझा विरोध आहे," मी हिंदीत म्हटलं. "मी तशी नोट लिहिली आहे आणि ती मागे घेणार नाही. पण माझ्या विरोधाच्या पाठीवर बसून कोणी सोलर बंद करायला निघालं असेल, तर त्यालाही मी विरोध करीन. आज हॉलमध्ये सगळे कूलर चालू आहेत. तरी आपण हातातल्या कागदांनी वारा घेतोय. तलावाचं पाणी दर उन्हाळ्यात कुठपर्यंत खाली जातं ते सगळ्यांनी पाहिलंय. हे थांबवायचं म्हटलं तर कोळसा कमी करावा लागेल, आणि ते आपल्यालाच करावं लागेल, कारण कोळशाची मशीनं आपणच बनवली आहेत. मला झाडंही हवीत आणि सोलरही हवं. एक घ्या, दुसरं सोडा, असं मला कोणी सांगू नये."

"मॅडम दोनों तरफ हैं," कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

तेवढ्यात बाबा उठले. ते सभेला आलेत हेच मला माहीत नव्हतं. काठीवर दोन्ही हात ठेवून ते म्हणाले, "मी तिचा बाप आहे. टर्बाइन शॉपमध्ये आयुष्य घातलं मी. माझी मुलगी सोलरच्या बाबतीत चूक आहे, साफ चूक आहे. हे मी तिला घरी सांगतो, इथेही सांगतो." माझे कान गरम झाले. "पण तिला खोट्या कागदावर सही करायला सांगितली आणि तिने नाही केली. इथे बसलेल्या किती साहेब लोकांनी नाही म्हटलं असतं? ते सांगा आधी, मग हसा."

आणि ते बसले. ठराव झाला तो फक्त झाडांचा. सोलर बंद करण्याचं कलम टीचरनी स्वतःच्या हाताने खोडलं.

घरी जाताना मी बाबांना म्हटलं, "सगळ्यांसमोर चूक म्हणालात मला."

"चूक आहेसच," ते म्हणाले.

ठरावाला उत्तर आलं नाही. आली ती मशीन, एका रविवारी सकाळी. वनखात्याची परवानगी अजून यायची होती हे मला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी कोणी विचारणार नाही असा हिशेब असणार. टीचरचा फोन आला, "जल्दी आओ, अमरूद वाली लाइन गिरा रहे हैं." मी पोचले तेव्हा पेरूच्या झाडांची आख्खी रांग आडवी झाली होती. कच्चे पेरू मातीत लोळत होते आणि ताज्या लाकडाचा ओलसर वास सगळीकडे पसरला होता. पिवळी मशीन आता लिंबाकडे वळत होती.

मी धावत जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. हे शौर्य वगैरे नव्हतं. मला दुसरं काही सुचलं नाही. ऑपरेटरने हॉर्न दिला. मी हलले नाही. त्याने पुन्हा दिला. मी पाय रोवून उभी राहिले. मग टीचर माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, नाइटीवर ओढणी घेतलेल्या. हळूहळू बाकीच्या बायका आल्या. कोणी खुर्च्या आणल्या, कोणी चहाची किटली. बाबा घडीची खुर्ची घेऊन आले, आंब्याखाली उघडली आणि पेपर वाचायला लागले, जणू ते रोज तिथेच बसतात. ऑपरेटरने इंजिन बंद केलं. टीचरनी त्यालाही चहा दिला. तो म्हणाला, "मुझे क्या, माँजी, मुझे तो जो बोला वो करता हूँ." टीचर म्हणाल्या, "तो अब मैं बोल रही हूँ, बैठो."

जीएमचा फोन आला. त्यांच्या आवाजातला गोडवा गेला होता. "आप कंपनी की कर्मचारी हैं और कंपनी का काम रोक रही हैं."

"आज इतवार है, सर," मी म्हटलं. "आज मैं छुट्टी पर हूँ."

"इसका नतीजा समझती हैं?"

"हो, समझते," मी मराठीतच म्हटलं. घाबरले की मी मराठीत बोलते.

युनियनचे अध्यक्ष दुपारी आले. लांब उभे राहून सगळं पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सोलर पर मैं आपके साथ नहीं हूँ." मी म्हटलं, माहीत आहे. तरी ते संध्याकाळपर्यंत बसले, आणि त्यांना पाहून रविवारच्या पाळीतून सुटलेली माणसंही येऊन बसली. एवढी माणसं पाहून कंत्राटदाराने मशीन परत नेली. दुसऱ्या दिवशी टीचरनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला गाठलं. तो वनखात्यात होता. परवानगीशिवाय झाडं पाडल्याची चौकशी लागली आणि काम थांबलं.

नतीजा मलाही मिळाला. शिस्तभंगाची नोटीस आली. मी उत्तर दिलं, त्यात माफी नव्हती. एका सहकाऱ्याने सुचवलं की "खेद वाटतो" एवढं लिही, प्रकरण मिटेल. मला पेरूची रांग वेळेत वाचवता आली नाही याचा खेद होता. तो मी लिहिला. प्रकरण मिटलं नाही. माझं प्रमोशन गेलं आणि माझी बदली भांडार विभागात झाली, जिथे मी उरलेली नोकरी बेअरिंग, ग्रीसचे डबे आणि हातमोज्यांच्या खोक्यांमध्ये काढली. सौर विभाग त्या ज्युनियर इंजिनियरकडे गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही. निदान त्याने पत्रे पाहिले होते.

आणि त्याने माझं काम पुरं केलं. चौकशीत अडकलेली जमीन मार्चपर्यंत मिळणार नाही हे उघड झाल्यावर वरच्यांना दुसरी जागा हवीच होती, तेव्हा माझी नोट फाइलमधून वर आली. माझं नाव त्यावरून गेलं होतं. जळक्या वाळूच्या मैदानात सांगाडे उभे राहिले, सायकल स्टँडवर छत आलं, मग शाळा, मग इस्पितळ. मार्च उलटून गेला, पुढचा पावसाळाही गेला, पण झालं. सांगाड्यांचं थोडं काम आमच्याच फॅब्रिकेशन शॉपला मिळालं. युनियनने त्यासाठी गेटसभा घेतली होती. त्या सभेला मी गेले होते, भांडारातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

उद्घाटनाचं निमंत्रण मला आलं नाही. मी गेले. चांगली साडी नेसून, बाबांना बरोबर घेऊन. सायकल स्टँडच्या छताखाली मंडप होता. जीएमनी आम्हाला पाहिलं आणि दुसरीकडे पाहिलं. मी पुढे जाऊन दुसऱ्या रांगेत बसले; उठा म्हणायला कोणी आलं नाही. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी भाषण केलं आणि लाल बटण दाबलं. टाळ्या झाल्या.

बाबा केव्हाचे खांबावरच्या मीटरकडे टक लावून बसले होते. म्हणाले, "हे तर सकाळपासून फिरून राहिलं. बटण कशाला?"

"बटण नुसतं दाखवायला आहे, बाबा."

"आमच्या वेळी मशीन चालू करायला तीन पाळ्या लागायच्या." त्यांनी वर पाहिलं, पॅनेलच्या फटींतून येणारं ऊन डोळ्यांवर घेत. कौतुक होतं की राग होता, मला सांगता येत नाही. मग म्हणाले, "आणि रात्री?"

"रात्री अजून कोळसा."

"मग?"

"मग काय, बॅटऱ्या येतील, पाणी वर चढवून साठवता येईल, कितीतरी गोष्टी चालल्या आहेत. सगळ्या जमल्या नाहीत अजून. जमतील."

"तू म्हणतेस म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "मी म्हणते म्हणून."

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. आता आम्ही भोपाळमध्येच बिट्टन मार्केटजवळ फ्लॅटमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट, जिना आणि पंपाची वीज गच्चीवर सोलर लावून करायची म्हणून मी सोसायटीत अर्ज दिला, तर सेक्रेटरी म्हणाले, गच्ची सगळ्यांची आहे, लोकांना पापड वाळवायचे असतात. मी मीटिंगमध्ये विषय मांडला. हरले. पुढच्या वर्षी पुन्हा मांडला, या वेळी पापडांसाठी दक्षिणेकडची पट्टी मोकळी ठेवून. पुन्हा हरले, पण कमी मतांनी. बाबा दोन्ही वेळा माझ्याविरुद्ध बोलले. फ्लॅट माझ्या नावावर असल्यामुळे त्यांना मतदानाचा हक्क नाही हे सेक्रेटरींनी सांगितल्यावर ते त्यांच्यावरच चिडले आणि म्हणाले, "तिच्याशी मी भांडीन. तुम्ही मध्ये पडू नका."